एकच ग्रेड, दोन वाटा

माझ्या आणि धाकट्या भावाच्या सोनोग्राफीत एकच शेरा होता: ग्रेड २ फॅटी लिव्हर. दोघंही दारूला न शिवणारे. घरात उपायांची रीघ लागली: लिव्हरचं टॉनिक, भुईआवळ्याचा रस, व्हिटॅमिन ई.

पोटविकारतज्ज्ञ मॅडमनी मात्र आधी दोघांनाही फायब्रोस्कॅन करायला लावला. म्हणाल्या, "ग्रेडवरून चरबीचा अंदाज येतो. लिव्हरमध्ये वण किती पडलेत, हे त्यावरून कळत नाही, आणि खरा धोका त्या वणांचा."

भावाचा स्कॅन नॉर्मल निघाला. त्याला एकही गोळी नाही, फक्त वजन उतरवायचं. मला जुना मधुमेह. माझ्या लिव्हरमध्ये मध्यम फायब्रोसिस, म्हणजे तेच वण, निघाला. मला सॅरोग्लिटाझार सुरू झालं, रोज ४ मिलिग्रॅम. झायडसचं हे औषध आपल्याकडे २०१३ पासून मधुमेहींच्या ट्रायग्लिसराइडसाठी होतंच. २०२० मध्ये लिव्हरच्या या आजारासाठीही त्याला मंजुरी मिळाली. व्हिटॅमिन ई का नको, हेही मॅडमनी सांगितलं: त्याचा मुख्य अभ्यास मधुमेह नसलेल्या रुग्णांवर झाला होता. पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीने वजन वाढतं, पायांवर सूज येते, म्हणून तेही टाळलं.

मी अमेरिकेतल्या नव्या औषधांबद्दल विचारलं. तिथे मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉमला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला मान्यता मिळाली. दोन्ही मध्यम ते तीव्र फायब्रोसिससाठी, सिरॉसिस होण्याआधी. रेस्मेटिरॉमच्या चाचणीत मोठ्या मात्रेवरच्या सुमारे ३० टक्के रुग्णांच्या लिव्हरची सूज निवळली. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. या आकड्यांनी मला आशा दिली आणि भानही. औषध घेऊनही बहुतेकांची सूज उरते. म्हणून वजन ७ ते १० टक्के उतरवणं गोळीइतकंच महत्त्वाचं. गोड चहा सुटला, रात्रीचा भात कमी झाला, सकाळचं चालणं पक्कं झालं. पुढच्या तपासणीत एसजीपीटी हे लिव्हरचं एन्झाइम उतरलं, तेव्हा गोळी आणि चालणं या दोहोंचे मी मनापासून आभार मानले.

फायब्रोस्कॅन सगळीकडे मिळत नाही. पण वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून फिब-४ नावाचा प्राथमिक अंदाज काढता येतो, आणि या रक्ततपासण्या तालुक्याच्या गावीही होतात. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने औषधाचं नाव विचारण्याआधी डॉक्टरांकडून हा हिशोब मांडून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.