कडक साल्सा: काही टिपणे

१.
न्यूयॉर्कचं पूर्व हार्लेम. पोर्तो रिकोहून आलेल्यांची जुनी वस्ती. २००० साली इथलं नाव घेऊन ‘स्पॅनिश हार्लेम ऑर्केस्ट्रा’ उभा राहिला. १३ जण. पियानोवर ऑस्कर हर्नांडेझ, ब्राँक्सचा. ठरवलं एवढंच: सत्तरच्या दशकातली ‘साल्सा दुरा’, म्हणजे कडक साल्सा, पुन्हा पूर्ण ताकदीनं वाजवायची.

२.
या कडकपणाचं मूळ आधीचं. १९६१. चलती बासरी-व्हायोलिनच्या ‘चारांगा’ ताफ्यांची. पियानोवादक एडी पाल्मिएरीनं बासरी ठेवली, व्हायोलिन काढून ट्रोम्बोन बसवले. त्यातला एक बॅरी रॉजर्सचा. ब्राँक्सचा ज्यू.

३.
विली कोलोनचा अल्बम ‘एल मालो’ १९६७ चा. विशीही गाठली नव्हती. त्याचाही ट्रोम्बोनच.

४.
क्लावे, म्हणजे साल्साचा मूळ ठेका: पाच ठोके. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. सगळा ताफा त्यांना बांधलेला. बास मात्र पहिल्या मात्रेची वाट पाहत नाही, आधीच येऊन जातो. समेची सवय असलेला कान सुरुवातीला गोंधळतो. मग त्याला तेच हवं असतं.

५.
२४ ऑगस्ट १९७३. यांकी स्टेडियममध्ये ‘फानिया ऑल-स्टार्स’ हा साल्सा ताफा. ४० हजारांवर माणसं. लोक मैदानात घुसले, कार्यक्रम अर्ध्यावर थांबला. ‘यांकी स्टेडियम’ नावानं निघालेल्या अल्बममधलं बरंचसं ध्वनिमुद्रण पोर्तो रिकोतल्या सान हुआनचं.

६.
१९८२. लुई रामिरेझचा अल्बम ‘नोचेस कालिएन्तेस’. प्रेमगीतं, मऊ साल्सात. पुढची काही वर्षं याच वाटेनं गेली. पितळी वाद्यं मागे सरली, गायकाचा चेहरा पुढे आला.
त्या अल्बममधला एक गायक राय दे ला पास.

७.
स्पॅनिश हार्लेम ऑर्केस्ट्राच्या गायकांतला एक: तोच राय दे ला पास.

८.
गाण्याचा उत्तरार्ध म्हणजे मोंतुनो. माझ्या मते सगळा जीव तिथेच. कोरस एकच ओळ धरून बसतो आणि मुख्य गायक प्रत्येक फेरीला जागच्या जागी नवी ओळ जोडतो. बोंगोवाला बोंगो सोडून घंटा उचलतो. ट्रोम्बोन एकमेकांवर चढत जातात. हे तीन मिनिटांत उरकता येत नाही. मऊ साल्सात आधी कापला गेला तो हाच भाग. गायक ब्लेडस आणि विली कोलोन या जोडीचं ‘पेद्रो नावाखा’ (१९७८) सात मिनिटांहून लांब आहे आणि ते लोकांना तोंडपाठ आहे.

९.
स्पॅनिश हार्लेम ऑर्केस्ट्राचा पहिला अल्बम (२००२) जुन्या गाण्यांवर उभा होता. त्याला संग्रहालय म्हणणं मला मान्य नाही. गाणं जुनं असलं तरी मोंतुनोतली ओळ त्या रात्रीचीच असते.

१०.
१३ माणसं म्हणजे १३ तिकिटं, १३ मानधनं. ट्रॅक लावून गाणारा एकटा गायक स्वस्त पडतो. तरीही सगळे ट्रम्पेट, सगळे ट्रोम्बोन मंचावर हवेतच.

११.
ऑर्केस्ट्राला ग्रॅमी: २००५, २०११, २०१९. दरम्यान हर्नांडेझच्या स्वतःच्या रचना वाढत गेल्या. मला हे पुरस्कारांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

१२.
न्यूयॉर्कचाच दुसरा ताफा, ‘ला एक्सेलेन्सिया’. या ऑर्केस्ट्राहून तरुण. वाजवणं तसंच कडक, पण गाणी स्वतःची, आणि त्यांत आजची वस्ती: स्थलांतर, वंशभेद, गरिबी. त्यांचा अल्बम ‘मी तुंबाओ सोसिआल’, २००९. ऐकायला घ्याच.