आमच्या फियाटचं माहेरपण

मी या घरात आले ती १९८२ साली. फियाट माझ्याआधी तीन वर्षं आलेली. म्हणजे मानानं ती माझी थोरली जाऊच! कागदोपत्री तिचं नाव ‘प्रीमियर पद्मिनी’. पण १९७४ साली कंपनीनं नव्यानं बारसं केलं म्हणून कोण ऐकतंय? आमचं सगळं पार्लं तिला फियाटच म्हणायचं. सासऱ्यांनी नंबर लावून कितीतरी वर्षं वाट पाहिलेली, त्यामुळे तिचे लाड विचारूच नका.

सासऱ्यांमागे ते लाड यांच्याकडे आले. निवृत्तीनंतर तर दर रविवारी पहाटे साडेपाचला हे गाडी पुसायला खाली, आणि सहाला बांद्रा-कुर्ला संकुलाकडे रवाना. ऑफिसं बंद, रस्ते मोकळे. तिथे जुन्या गाड्यांवर जीव टाकणारी दहा-पंधरा मंडळी जमतात. साडेनऊला परत यायचे ते हाताला ग्रीस आणि तोंडभर गप्पा घेऊन. मी आपली एकटी चहा पिऊन बसलेली. आठवड्यातली एक सकाळ नवऱ्याबरोबर निवांत बसावं, एवढंही बाईनं मागू नये का? बोलून दाखवलं की म्हणायचे, “मग तूही चल की.” पण त्या ‘चल’ला जोर नसायचा. चाक माझ्या हाती द्यायची तर गोष्टच नको. मला लायसन्स आहे, मुलाची छोटी गाडी मी चालवते, पण फियाटचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर, “तुला तो गिअर जमायचा नाही.”

दोन वर्षांपूर्वी यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. बहुतेक वेळा हा आजार दुखत नाही, खुपत नाही, चोरपावलांनी येतो आणि गेलेली नजर परत मिळत नाही. (मैत्रिणींनो, चाळिशीनंतर नुसता चष्म्याचा नंबर काढून भागत नाही, डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्या.) डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. हे काहीच बोलले नाहीत. गाडीवर कव्हर घातलं आणि रविवारी आठ-आठपर्यंत झोपू लागले. मला हवा होता तो निवांत चहा मिळाला खरा, पण समोरचा माणूस पेपरची घडीसुद्धा मोडत नव्हता. त्यात जुन्या गाड्या घेणाऱ्या एका दलालाचे फोन सुरू झाले. “बघू,” एवढंच हे म्हणायचे. त्या ‘बघू’ची मला धास्ती वाटायला लागली.

पावसाळ्यात एकदा कव्हर उचललं, तर दाराखालच्या पत्र्याला रंगाचे फोड आलेले. ओली गाडी कव्हराखाली ठेवणं म्हणजे ओले कपडे ट्रंकेत भरणं! त्या दिवशी मी ठरवलं.

आमच्या गल्लीत एक चाचा आहेत. तीस वर्षं काळी-पिवळी पद्मिनी चालवलेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. चाचांची त्याआधीच भंगारात गेली होती. त्यांना गळ घातली. दुपारी हे आडवे झाले की आमची शिकवणी. फियाटचा गिअर पायाशी नाही, चाकाखालच्या दांडीला. दांडा आपल्याकडे ओढायचा, मग वर की खाली, हेच मला आठवायचं नाही. स्टिअरिंग असं जड की कणकेचा मोठा गोळा मळल्यासारखे दंड भरून यायचे. “भाभी, जोर नका लावू, समजावून घाला,” चाचा म्हणायचे. यांना पत्ता नव्हता असं मुळीच नाही. खाली इंजिन सुरू झालं की हे पंखा बंद करून कान देऊन पडून राहायचे, असं मला नंतर कामाच्या बाईंनी सांगितलं.

मग एका रविवारी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आणि चहाचा थर्मास भरला, नि म्हटलं, “उठा, जायचंय.”

काय सांगू त्या सकाळची मजा! चोक ओढून गाडी सुरू केली, त्रिकोणी काच उघडली की गार वारा थेट तोंडावर. संकुलात पोचलो तर गाड्यांची रांगच. एक गोलमटोल ‘डुक्कर फियाट’, तिची पुढची दारं उलटी उघडणारी, पातळ नेसून उतरताना सांभाळावं लागतं हो! एक अँबॅसडर, एक काँटेसा, आणि एका कॉलेजातल्या मुलीनं आणलेली आजोबांची स्टँडर्ड हेरल्ड. हेरल्डचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलगडतं, मगरीनं जबडा वासावा तसं. तरुण पोरं तर पहिल्या मारुती ८०० लाही म्हातारी म्हणतात. ती आली १९८३ च्या डिसेंबरात, म्हणजे आमच्या लग्नानंतर. तेव्हा मी गप्पच बसले.

मला वाटलं होतं, इथे नुसत्या बढाया चालत असतील. तसं नव्हतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुन्या गाड्यांचे रबरी पाइप खराब होतात, ते कुठले बदलायचे, यावर अर्धा तास काथ्याकूट झाला. अगदी आपल्या लोणच्याच्या बरण्यांवर होतो तसाच! पुऱ्या दहा मिनिटांत संपल्या. हे मात्र गाडीतच बसून होते. तेवढ्यात हेरल्डवाली मुलगी आली, “काका, जरा आवाज ऐकता का?” हे उतरले. माझा दंड धरून तिच्या गाडीपाशी गेले, मान तिरकी करून ऐकलं, म्हणाले, “टॅपेट वाजताहेत. गॅप बघून घे.” ऐकायला कुठे डोळे लागतात? मग दुसऱ्यानं बोलावलं, मग तिसऱ्यानं. साडेनऊचे अकरा कसे वाजले, कळलं नाही.

परतताना मी मुद्दाम कुर्ल्यावरून घेतलं. ही गाडी तिथल्याच कारखान्यात जन्मली. ते दिवस गेले, पण माहेर ते माहेर. सिग्नलला गाडी बंद पडली. मागून भोंग्यांचा गजर. माझे हात घामेजले. “चोक नको, गरम आहे ती. नुसता सेल्फ मार,” हे शांतपणे म्हणाले. लागली!

सोमवारी दलालाचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते, कान बाहेर.

“मला काय विचारता?” हे म्हणत होते, “गाडी हल्ली आमच्या मिसेसकडे असते.”