नळाच्या पाण्याचा बर्फ

प्रिय ईशा,

“नळ सोडून गोठवलेल्या बर्फावर काय चढायचं, मामा? त्यापेक्षा मी तैलबैला परत करेन,” असं तू फोनवर म्हणालीस. सह्याद्रीच्या कातळावर वाढलेली पोर दुसरं काय म्हणणार! तरी जानेवारीत डेन्व्हरला येतेच आहेस, तर दोन दिवस युरेसाठी ठेव.

युरे म्हणजे कोलोरॅडोतल्या सॅन वान डोंगरांतलं जुनं खाणगाव, वस्ती जेमतेम हजारभर. गावाला खेटून अनकंपाग्रे नदीची घळ आहे. तिथून जाणारा जलविद्युत केंद्राचा पाइप गळायचा, पाणी कड्यावर गोठायचं आणि क्लायंबर मंडळी त्यावर चढायची. ते पाहून १९९०च्या दशकात गावातल्या काहींनी मुद्दामच पाणी सोडायला सुरुवात केली. आता घळीच्या काठाने पाइप आणि फवारे बसवलेत. थंडी पडली की रात्री माणसं नळ कमीजास्त करत फिरतात. थंडी पुरेशी नसताना पाणी सोडलं, तर ते आधीचा बर्फही खाऊन टाकतं. हिवाळा उबदार गेला की पीक बुडालं!

हा बर्फ खोटा असता, तर जेफ लोव इथे फिरकला नसता. टेल्युराइडचा गोठलेला ब्रायडल व्हेल धबधबा १९७४ साली माइक वाइसबरोबर पहिल्यांदा चढला तो हाच, आणि युरेचा बर्फमहोत्सव १९९६ साली सुरू केला तोही यानेच.

शिवाय तुझं कातळाचं कसब इथे अर्धंच कामाला येईल. होल्ड आयता मिळत नाही, आइस अ‍ॅक्सने करावा लागतो. फुगवट्यावर घाव घातलास तर ताटलीएवढा तुकडा थेट तोंडावर येईल. दोन फुगवट्यांमधल्या खोलगट जागी, मनगटाच्या झटक्याने मार. टोक नीट बसलं की भरीव ‘थड्’ ऐकू येतं. आवाज पोकळ आला तर तिथे वजन टाकू नकोस. टाच उचलायची सवयही सोड, नाहीतर क्रॅम्पॉनचे पुढचे दात निसटतील. आणि खाली उतरल्यावर गारठलेल्या बोटांत रक्त परत येतं, तेव्हा अशी कळ जाते की भलेभले रडतात. या खेळाचं हे अंग मला अजून आवडलेलं नाही.

घळीत चढायला प्रवेशशुल्क नाही. देणग्या आणि सभासदांवर हे चालतं. पूर्वी हिवाळ्यात ओस पडणाऱ्या गावात आता जानेवारीत खोली मिळणं मुश्कील. महोत्सवाच्या गर्दीत रोप लावायला जागा शोधत बसावं लागतं, म्हणून तो आठवडा टाळ.

पहिल्या दिवशी गाइड घे आणि टॉप रोपवरच चढ, लीडचा हट्ट नको. बिले देताना चढणाऱ्याच्या बरोबर खाली उभी राहू नकोस. हातमोज्यांचे दोन जोड आण, एक भिजतोच. आणि तिकीट काढण्याआधी मला तारखा कळव.

तुझा,
मामा