निवृत्ती दोघांची, आठवडा वाईचा

नवरा सेवानिवृत्त होतो, त्या दिवशी त्याला शाल-श्रीफळ मिळतं, चार भाषणं होतात. बायकोचं काम मात्र दुसऱ्या दिवसापासून वाढतं. सकाळी डबा दिला की जे घर निवांत व्हायचं, ते आता दिवसभर जागं असतं. दोनदा होणारा चहा चारदा होतो. मैत्रिणींनो, तुमच्याकडे हा दिवस अजून लांब असेल, पण येणार हे नक्की. नोकरीतून ते सुटतात, मग घरकामातून आपण कधी सुटायचं? आमच्या घरी हे कसं ठरलं आणि वाईनं त्याला कसा हात दिला, ते सांगते.

सासऱ्यांचं जुनं घर होतं, म्हणून आम्ही वाईला आलो. गाव कृष्णाकाठी. नदीला ओळीनं घाट आणि कृष्णामाईचा उत्सवही घाटाघाटाचा वेगळा. ढोल्या गणपतीचं देऊळ तुम्ही पाहिलं असेल. रास्त्यांनी ते १७६२ साली बांधलं. पुढच्या खेपेला त्याची मागची बाजू जरूर पाहा. ती माशासारखी निमुळती आहे, म्हणजे पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं. घरात कुरबुरीचा पूर आला की मला ती भिंत आठवते!

सोमवार ते शुक्रवार आम्ही सकाळी सहाला मेणवलीच्या वाटेला लागतो. अंतर तीनेक किलोमीटर, दोन्ही बाजूंना ऊस नि हळद. नियम दोनच. वाटेत बिलं, दुखणी आणि नातेवाईक हे विषय काढायचे नाहीत. परत आल्यावर चहा ह्यांनी करायचा. पहिले आठ दिवस आम्ही जवळजवळ मुक्यानंच चाललो. इतक्या वर्षांच्या संसारात दूध, फी आणि पाहुणे सोडून आम्ही बोललो तरी काय होतो? मग हळूहळू ह्यांच्या लहानपणीच्या गोष्टी निघाल्या, माझ्या माहेरच्या विहिरीच्या निघाल्या.

मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा आहे आणि खाली नदीवर देखणा घाट. तिथली मोठी घंटा मूळची चर्चमधली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेतून ती इकडे आली. पायऱ्यांवर दहा मिनिटं बसायचं आणि परतायचं.

महिन्यातून एखाद्या बुधवारी एस.टी.नं धोमला जातो. तिथल्या देवळातला नंदी कासवाच्या पाठीवर बसलेला आहे. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दशमी दुधात भिजवलेली, त्यामुळे दुपारपर्यंत मऊ राहते. आणि हो, साडीवर बूट शोभत नाहीत म्हणून चपलेवर चालू नका. कॅनव्हासचे बूट घ्या, गुडघे दुवा देतील.

गुरुवारची दुपार माझी. त्या दिवशी पिठलं-भात ह्यांचा, आणि मी पुस्तक घेऊन बसते. मराठी विश्वकोशाचं काम याच गावात उभं राहिलं, पहिला खंड १९७६ साली निघाला. अशा गावात एखादी बाई भरदुपारी वाचत बसली, तर कुणाला नवल वाटू नये!

शनिवार परसातला. हळद लावली की नऊ महिने धीर धरावा लागतो, पण मधल्या काळात पातोळ्यांना पानं मिळतात. टोमॅटोच्या वाफ्यात झेंडू लावा. मुळांना गाठी करणारे बारीक कृमी कमी होतात. दुधीला फुलं येतात पण फळ धरत नाही, अशी तुमची तक्रार असेल तर संध्याकाळी वेलापाशी जा, कारण दुधीचं फूल तेव्हाच उमलतं. मागे चिमुकला दुधी असलेलं फूल मादीचं. नर फूल तोडून त्याचे पराग तिच्यावर अलगद टेकवायचे. जन्मभर हिशेब लिहिलेले हे, आता हे काम चष्मा पुसून करतात.

रविवारी पुण्याहून मुलगा, सून, नात येतात. "कायमचं आमच्याकडेच या," असा मुलाचा आग्रह होता. नातीला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. खरं सांगते, हा निर्णय जड गेला. सून नोकरी करते. तिची ओढाताण मला दिसते. तीच मीही सोसली आहे. शेवटी मीच म्हटलं, "अडीनडीला हाक मारा, रात्रीसुद्धा निघू. सुट्टीत पोरीला इथे पाठवा. पण घराला कुलूप लावणार नाही." सून हिरमुसली, दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली ती नातीचे बूट घेऊनच. आता नात घाटापर्यंत आमच्या पुढे पळते.

वाईला यायचं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत या. नाही जमलं तरी तुमच्या गावाला नदी, कालवा, नाहीतर एखादा माळ असेलच. ह्यांच्या निवृत्तीची वाट पाहू नका. आठवड्यातली एक सकाळ दोघांची आणि एक दुपार तुमची, एवढं आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढे ते सवयीनं चालतं.