मामांचा नियम

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधातल्या ऋणनिर्देशात पहिलं नाव मार्गदर्शकांचं आहे आणि दुसरं आमच्या तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर असलेल्या मामांचं. मामा सातवी शिकलेले. पण रिक्सिया, मार्केन्शिया, फ्युनेरिया ही शेवाळींची नावं त्यांच्या जिभेवर इतकी रुळली होती, की पावसाळा लागला की नवे प्राध्यापकसुद्धा आधी त्यांनाच विचारत, "मामा, यंदा रिक्सिया कुठं आलाय?"

इतर कॉलेजांत प्रॅक्टिकलला फॉर्मॅलिनच्या बाटलीतला नमुना मिळायचा. आम्हाला ताजा मिळे, तो मामांमुळे. जुन्या धोतराच्या ओल्या फडक्यात गुंडाळून, जेवणाच्या डब्याच्या वरच्या पुडात घालून ते तो आणायचे. मी हट्टच धरला म्हणून एकदा मला पसरणी घाटातल्या एका झऱ्यापाशी घेऊन गेले. कातळावर मार्केन्शिया एकावर एक चढून पसरली होती. तिला खरं पान नसतं. हिरवी, चपटी, फाटे फुटत जाणारी पट्टी असते. काही पट्ट्यांच्या पाठीवर इवल्या वाट्या होत्या आणि वाट्यांत मोहरीहून बारीक हिरव्या टिकल्या. पावसाचा थेंब वाटीत आदळला की त्या टिकल्या उडतात आणि ओल्या जागी पडल्या तर तिथं नवं रोप धरतं. मी ब्लेड काढलं तसा मामांनी हात धरला.

"वाटीवाली ऱ्हाऊ दे, पोरी. तिच्यातच पुढची बाळं हायेत. कडंचं घे, नखाएवढं. अन् हितनं घेतलंस की यंदा पुन्यांदा हितं यायचं न्हाई."

एवढंच बोलले. पुढच्या सगळ्या संशोधनात मी हा नियम पाळला.

त्या नखाएवढ्या तुकड्याच्या ताजेपणाचं मोल मला सूक्ष्मदर्शकाखाली कळलं. हिरव्या पेशींच्या गर्दीत मधूनच एखादी पेशी निराळी दिसते: तिच्यात तपकिरी रंगाचा एकच टपोरा गोळा. हा तैलपिंड. मार्केन्शिया ज्या लिव्हरवर्ट गटातली, त्यातल्या बहुतेक वनस्पतींत तो असतो आणि नमुना वाळला की बहुधा नाहीसा होतो. हर्बेरियमच्या कागदावर तो शोधून सापडत नाही. मार्केन्शियाचं बरंचसं रसायनवैभव त्या गोळ्यात आहे: टर्पिनॉइडं आणि बायबेन्झिल गटातली संयुगं. अंगावर साल नाही, काटा नाही, जमिनीला चिकटून कायम ओलाव्यात राहायचं, आजूबाजूला बुरशी आणि गोगलगायी. अशा जिवानं आपलं रक्षण रसायनांवर सोपवलं. जपानमध्ये तोकुशिमा इथं योशिनोरी असाकावा यांनी दशकानुदशकं याच संयुगांचा शोध घेतला. मार्केन्शियातलं मार्केन्टिन-ए बुरशीला रोखतं, हे प्रयोगशाळेत दिसून आलं आहे. हिमाचलातले गद्दी लोक प्लॅजिओकॅझ्मा हे लिव्हरवर्ट भाजलेल्या जागेवर आणि गळवांवर लावत आले आहेत. त्यांचं ऋण आपल्या शोधनिबंधांतून एका ओळीत उरकलं जातं, ते मला पटत नाही.

शेवाळीचा औषधी उपयोग मोठ्या प्रमाणावर झाला तो पहिल्या महायुद्धात. कापूस कमी पडू लागला, तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फर आणि शल्यविशारद चार्ल्स कॅथकार्ट यांनी १९१४ साली स्फॅग्नम या मॉसकडे लक्ष वेधलं. त्याच्या पानांतल्या मेलेल्या, पोकळ पेशी वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरतात आणि ते आम्लधर्मी असल्यानं जिवाणूंना तिथं सहज वाढता येत नाही. स्कॉटलंडच्या दलदलींतून गावकऱ्यांनी ते गोळा केलं, निवडलं, वाळवलं आणि जखमी सैनिकांसाठी त्याच्या पट्ट्या शिवल्या.

पण उपयोग कळला की ओरबाडणं मागोमाग येतं. इवल्याशा वनस्पतीतून शुद्ध संयुग मिळवायचं, तर माल किलोंनी लागतो. कातळ खरवडून पोत्यानं शेवाळी आणावी लागणार असेल, तर असं औषध नको, असं माझं स्पष्ट मत आहे. वाट दुसरी आहे. जर्मनीत फ्रायबुर्गला राल्फ रेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिस्कोमिट्रेला हे मॉस बंद टाक्यांत वाढवण्याचं शास्त्र उभं केलं. २००८ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. फॅब्री या आनुवंशिक आजारात जे विकर कमी पडतं, ते या मॉसकडून तयार करवून घेऊन माणसांवर त्याची प्राथमिक चाचणीही झाली. त्यासाठी कुठलाही डोंगर खरवडावा लागला नाही.

माझ्या प्रयोगशाळेतली मार्केन्शियासुद्धा त्याच झऱ्यावरची. वाटीवालीला ब्लेड न लावता, एका वाटीतून सुईच्या टोकानं उचललेल्या मोजक्या टिकल्या आगरवर लावल्या आणि त्यांचीच पुढची रोपं अजून वाढवते आहे. मामा निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा एक बशी दाखवायला नेली होती. काचेखालच्या हिरवाईकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "अन् घाटातली?"

"आहे तशीच आहे, मामा."

"मग बरं," म्हणाले.

मामांचा नियम दलदलीलाही लागू आहे. तिथलं स्फॅग्नम सहजी कुजत नाही, थरावर थर साचत जातं आणि त्याचं पीट होतं. पृथ्वीच्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के भागावर पीट आहे, पण मातीतल्या कार्बनचा सुमारे तिसरा हिस्सा त्यानं धरून ठेवला आहे. ते उपसून वाळवलं की हा कार्बन पुन्हा हवेत जातो. म्हणून एक विनंती आहे. नर्सरीत कुंडीसाठी पीट किंवा सुकं स्फॅग्नम पुढं केलं, तर नको म्हणा. आपल्याकडे नारळाचा काथ्या आणि कोकोपीट मुबलक मिळतं. त्यात शेणखत मिसळा, झाडं उत्तम येतात.