भूक नव्हतीच

आमच्या घरात रात्री शेवटचे ताट वाजते ते आईचे. सगळ्यांची जेवणे उरकतात, वडील अंगणात बाजेवर आडवे होतात, आजी माळ ओढत बसते आणि मग आई चुलीपाशी पुन्हा ताट घेऊन बसते. उरलेला भात, तळाशी राहिलेले कालवण, धाकट्याने टाकलेली अर्धी भाकरी. "अन्न टाकायचं का?" हा तिचा ठरलेला सवाल. लहानपणी मला वाटे, आईची भूकच मोठी!

आई लठ्ठ आहे. हा शब्द लिहिताना हात अडखळला. कामथडीत तोंडावर 'अंगानं भरलेली' म्हणतात. पाठीमागचे शब्द वेगळे असतात. दहावीत मला वक्तृत्वाचे बक्षीस मिळाले, तेव्हा मीच तिला म्हटले होते, "तू नको येऊस समारंभाला, उगाच दमशील." ती आली नाही. त्या रात्री माझ्यासाठी केलेल्या शिऱ्याचे पातेले ती एकटीच खरवडत बसली होती. मी पाहिले आणि उलट मनात रागावले.

यंदा मानसशास्त्राच्या तासाला सरांनी 'भावनिक बुद्धिमत्ता' शिकवली. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना मांडली. स्वतःच्या व दुसऱ्याच्या भावना ओळखाव्यात आणि त्या जाणिवेने आपला विचार व वागणे चालवावे, असा तिचा आशय. मला आई आठवली. वडिलांनी वहाणा कशा काढल्या यावरून बाजारात काय भाव मिळाला हे ती सांगते! दुसऱ्यांच्या पेपरात शंभर गुण. स्वतःचा पेपर मात्र कोरा.

गेल्या वर्षी तिची साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "कमी खा, चाला." चालायचे कुठे? पुणे-सातारा रस्त्यावर ट्रक अंगावर येतात. गावात बाई डोक्यावर मोळी घेऊन चार मैल गेली तरी कोणी विचारत नाही, रिकाम्या हाताने चार घरे पुढे गेली की, "कुठं निघालीस गं?" उपास म्हणाल तर श्रावणी सोमवारी बनेश्वरला जाऊन आल्यावर साबुदाण्याची खिचडी असतेच, आणि त्या दिवशी ती दोनदा होते.

बारीक माणसांनी हसावे असेही काही नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा सारखाच, २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! हे सांगितल्यावर आई पोट धरून हसली. "म्हंजी वाळकी माणसंबी सुटली न्हाईत."

भाऊबीजेच्या रात्री ती पुन्हा ताट घेऊन बसली. उपदेश करायचा नाही असे ठरवून मी नुसते विचारले, "आई, भूक लागलीय?"

हातातला घास तसाच राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "भूक न्हाई गं. तुझी आत्या चारचौघांत बोलली, 'वैनीला दोन पाट लागतील.' त्याचा राग आलाय." मग ताटाकडे बघत, अगदी सहज, "तुझ्या बक्षिसाच्या राती बी भूक नव्हतीच."

मला काही बोलता आले नाही. क्षमा मागायचे शब्द वक्तृत्वात कुणी शिकवले नव्हते. ताटातला भात तिनेच झाकून ठेवला, सकाळी फोडणीला होईल म्हणून.

वजन फारसे उतरलेले नाही. दोन किलो, तेही काटा चांगला असेल तर. एखाद्या रात्री ताट अजून वाजते. पण संध्याकाळी आम्ही दोघी चालायला जातो. कुणी विचारू नये म्हणून आई हातात दुधाची रिकामी किटली घेते. परवा शेजारच्या काकू वाटेत भेटल्या आणि आमच्याबरोबर वळल्या. त्यांच्याही हातात किटली होती. तीही रिकामीच.