थप्पीआडचं वायफाय

आमच्या मंगळवेढ्याच्या घराच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन हात जाड. बाहेर ४२ अंशांचं ऊन पेटलेलं असलं तरी माजघरात फरशीवर आडवं झालं की पाठ गार पडते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी या भिंतींचं केवढं कौतुक केलं होतं! पुढं पुण्यातल्या कंपनीचं पगारपत्रकांचं काम घरून करायचं ठरलं आणि त्याच भिंतींशी माझं वाकडं आलं.

फायबरची तार येते रस्त्याकडच्या सोप्यात. तार ओढायला आलेल्या पोरानं राउटर तिथंच, आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या खुर्चीवरच्या भिंतीला ठोकला. माझं टेबल परसाकडच्या खोलीत. मध्ये माजघर आणि दोन भिंती. सोप्यात वेग ९० एमबीपीएसच्या वर, माझ्या टेबलावर तीन नाहीतर चार. मीटिंगमध्ये माझा आवाज तुकड्यातुकड्यांनी पलीकडं जायचा. टेबलच सोप्यात मांडावं म्हटलं तर आबांकडं सकाळपासून माणसांचा राबता.

आधी बाराशेचा रिपीटर आणला. तो एकाच रेडिओवर आधी ऐकायचा आणि मग तेच पुढं सांगायचा. दोन्ही एका वेळी जमत नाही, म्हणून वेग निम्म्यावर. त्याच्या जाळ्याचं नावही वेगळं. मोबाइल सोप्यातलं जुनं नाव धरून बसायचा, जवळचं सोडून लांबच्याला चिकटायचा. पंधरा दिवसांत तो कपाटात गेला.

मग डिसेंबरात दोन डब्यांचा मेश संच घेतला, साडेचार हजारांचा. मेशमध्ये सगळे डबे एकच नाव लावतात, कुणी कुणाकडून घ्यायचं ते आपसांत ठरवतात. स्वस्त संचात डब्यांना आपसांत बोलायला वेगळा रेडिओ मात्र नसतो. मोबाइल-लॅपटॉपला जो, तोच त्यांनाही. खोक्यावर ‘ड्युअल बँड’ लिहिलेलं असतं, त्याचा बहुतेकदा व्यवहारातला अर्थ हा. दुकानात तो कुणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

पहिल्याच संध्याकाळी प्रिंटर नाहीसा झाला. म्हणजे समोर होता, लॅपटॉपला दिसत नव्हता. तो जुन्या राउटरवर, लॅपटॉप मेशवर, आणि घरात पत्ते वाटणारे दोन कारभारी. मेशच्या ॲपमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ हा पर्याय निवडला, जुन्या राउटरचं वायफाय बंद करून टाकलं, प्रिंटरला नवीन नाव दिलं. पत्ते वाटायचं काम एकट्या जुन्या राउटरकडं राहिलं. पाच मिनिटांचं काम, पण ते उमगायला रात्रीचा दीड वाजला.

पहिला डबा सोप्यात राउटरपाशी राहिला. दुसरा कुठं ठेवायचा, इथं मी सगळ्यांसारखीच फसले. जिथं नेट येत नाही तिथं, टेबलावरच ठेवला. लॅपटॉपवर सगळ्या काड्या भरलेल्या आणि वेग पाच! काड्या दाखवतात त्या लॅपटॉप ते जवळचा डबा एवढ्याच अंतराच्या. त्या डब्याला मागून काय मिळतंय, ते त्या सांगत नाहीत. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो पुढं काय सांगणार? शेवटी डबा माजघरात, सोप्याच्या दारासमोरच्या कोनाड्यात ठेवला. लहरींना भिंतीऐवजी उघडं दार मिळालं. टेबलावर चाळीस भरले. जानेवारी मजेत गेला.

फेब्रुवारीच्या शेवटी, पगाराच्या ऐन दिवसांत, सगळं पुन्हा बसलं. काड्या भरलेल्या, वेग दोन. मी दोन्ही डबे बंद-चालू केले. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. तेही बदलून झाले. दुरुस्तीला आलेल्या मुलानं सोप्यात उभं राहून मोबाइल दाखवला, “ताई, ब्याण्णव यायलंय की!” आणि तो गेला. सोप्यात येतंय हे मलाही माहीत होतं.

मग मोबाइलमध्ये सिग्नल मोजायचं ॲप घेऊन घरभर हिंडले. सोप्याच्या दारात उणे ४५ डीबीएम. कोनाड्यापाशी, जिथं जानेवारीत उणे ५८ लिहून ठेवलं होतं, तिथं उणे ८२. या मापात दहाचा फरक म्हणजे दहापट, विसाचा म्हणजे शंभरपट. चोविसाचा म्हणजे अडीचशेपट घट. दारात आणि कोनाड्यात एवढं काय आलं, म्हणून मान वर केली तर समोर ज्वारी.

आदल्या आठवड्यात रास घरी आली होती आणि माजघरात, दारालगत, माणूसभर उंच पोत्यांची थप्पी लागली होती. मी रोज तिला वळसा घालून जात होते! आमची मालदांडी, जिच्यामुळं मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कितीही वाळवली तरी दाण्यात थोडा ओलावा राहतोच, आणि ओलावा या लहरी पितो. धान्यातला ओलावा मोजायची काही यंत्रं याच गुणावर चालतात. म्हणजे कोनाडा आणि राउटर यांच्यामध्ये आम्ही आणखी एक भिंत बांधली होती, हातभर नव्हे, चांगली तीन पोती जाड.

आबांना म्हटलं, “आबा, थप्पी बळदाकडच्या भिंतीला लावली तर?”

“आगं, दामाजीपंतांच्या गावात राहून कोठार हलवायला सांगतीस? त्यांनी दुष्काळात उघडलं हुतं, मीटिंगसाठी न्हवं.”

सोप्यातली माणसं हसली आणि विषय तिथंच मिटला.

राहिली तार. दोन डबे तारेनं जोडले की त्यांना हवेतून बोलावंच लागत नाही. तीस मीटर केबल आणली, माळवदाखालच्या तुळईच्या कडेनं, दाराच्या वरच्या झरोक्यातून ओढली. डबा आता बिनधास्त माझ्या टेबलावर. वेग ९४. त्याच्या पुढं जात नाही, कारण स्वस्त डब्याचं पोर्टच १०० चं आहे. आमची योजनाही शंभराचीच, त्यामुळं तक्रार नाही. आठव्या दिवशी नेट गेलं. ज्वारीमागं उंदीर आले होते आणि झरोक्यापाशी त्यांनी केबल कुरतडली होती. नवी केबल पीव्हीसी नळीतून घातली. घातलेले पैसे एकदा जोडले, तर थोड्या फरकानं चांगला संच आला असता. तो हिशेब कुणाला दाखवला नाही.

लाइट गेली की दोन्ही डबे विझायचे, त्यासाठी राउटरचे दोन छोटे यूपीएस घेतले. आता काळोखात घरात दिवा नसतो, वायफाय असतं. आबा परसात लिंबाखाली बाज टाकून मोबाइलवर कीर्तन ऐकतात. परवा विचारत होते, गोठ्यापर्यंत न्यायला काय खर्च येईल?

थप्पी अजून तिथंच आहे. भाव आल्याशिवाय पोतं हलायचं नाही म्हणतात. हलवा म्हणून मीही आता म्हणत नाही.